आंब्याच्या शेंड्यावर होडी



मणिबेलीहून परत आलो तेव्हा आमच्या दिंडीतल्या एका माउलींनी मला सरळच विचारले, "गुरुजी, गळ्यात माळ आहे ना तुमच्या? मग मासे धरायच्या होडीत कशाला बसलात?" विचारण्यात राग नव्हता, काळजी होती. उभ्या उभ्या देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते, कारण ते लांबलचक आहे. पुष्कळांच्या मनात तोच प्रश्न येईल, म्हणून लिहून काढतो.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले गाव. महाराष्ट्राच्या नकाशात वर डावीकडे जे टोक दिसते, तिथे नर्मदामाई साधारण 54 किलोमीटर आपल्या राज्याची सीमा होऊन वाहते. वाहते म्हणायचे, पण आता वाहत होती असे म्हणायला हवे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली, त्यांतले धरणाच्या सर्वांत जवळचे आणि सर्वांत आधी बुडालेले गाव ते हे. 1994 साली जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे म्हणून जाहीरनामा काढला, त्यालाही 'मणिबेली जाहीरनामा' असेच नाव पडले. एवढ्याशा पाड्याचे नाव वॉशिंग्टनला गेले, आणि आपल्याकडे पाच जणांना विचारा, चौघांना ते कुठे आहे हे सांगता यायचे नाही. परिक्रमा केलेल्यांना मात्र शूलपाणीची झाडी ठाऊक असते. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ याच भागात होते. तेही पाण्यात गेले आणि गोरा येथे नवे बांधले गेले.

मी परिक्रमेला गेलो नव्हतो. परिक्रमावासीने मैया ओलांडायची नसते, होडीत बसायचे नसते. तसे असते तर हा लेखच झाला नसता. आमच्या दिंडीने खोऱ्यातल्या जीवनशाळेच्या मुलांसाठी वह्या, पेन्सिली आणि थोडे गरम कपडे जमवले होते, ते पोचवायला मी आणि आमचे विणेकरी असे दोघे निघालो. पौष महिना. अक्कलकुव्याहून मोलगीमार्गे जीपने डोंगर चढलो. सातपुड्यात डाबच्या बाजूला त्या दिवसांत गवतावरचे दव गोठते. सकाळी पायाखाली कुरकुर वाजणारे पांढरे गवत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. विणेकरी म्हणाले, "माउली, वारीत पाय भाजतात, इथे गोठायची पाळी आली." जीप संपली तिथून पाऊलवाट, आणि पाऊलवाट संपली तिथे पाणी.

ते पाणी पाहून मी गप्प झालो. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, भीमाकाठचे. उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले त्याआधी आम्ही वर उठून आलो. तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. आमच्याकडे पाणी उन्हाळ्यात उतरते तेव्हा पळसदेवच्या पळसनाथाचे देऊळ वर दिसू लागते, लोक बघायला जातात. आमचे आजोबा कधीच गेले नाहीत. ते नुसते म्हणायचे, "देऊळ दिसतंय, पण चुली दिसत नाहीत." तसले पाणी मी लहानपणापासून पाहत आलोय. वरून अगदी शांत, निळे, बघणाऱ्याला सुंदर वाटणारे. फोटो काढावासा वाटणारे.

आमची राहण्याची सोय ज्यांच्याकडे झाली ते गृहस्थ पन्नाशीचे, वसावा समाजातले. त्यांना मी भाऊ म्हणत होतो, ते मला गुरुजी म्हणत. घर टेकडीवर, बांबूच्या कुडाचे, शेणाने सारवलेले. हे त्यांचे तिसरे घर. पहिले नदीच्या थडीवर होते, ते त्यांच्या लहानपणी गेले. दुसरे त्याच्या वर बांधले. 2017 साली धरण पुऱ्या उंचीचे झाले आणि 2019 च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरला टेकले, तेव्हा दुसरेही गेले. पुनर्वसनाच्या गावी काही नातलग गेले, हे राहिले. का राहिले, असे मी विचारले नाही. आजोबांना कोणी तसे विचारलेले मला आवडत नसे.

शेती गेली, थोडी डोंगरउताराची उरली. मग हाताशी पाणीच उरले, म्हणून मासेमारी. खोऱ्यातल्या बुडीत गावांनी मच्छीमारांच्या सहकारी संस्था केल्या आहेत, त्यांतल्या एकीचे ते सभासद. मी सहज म्हणालो, "तुम्ही नदीकाठचेच. मासे धरणे तर तुमच्या रक्तात असेल." ते हसले. म्हणाले, "गुरुजी, नदीतलं येत होतं. याच्यातलं नव्हतं येत."

मग त्यांनी जे सांगितले ते मी नीट ऐकले, कारण असे मला कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते. नदीत मासा कुठे तोंड करून असतो हे माहीत असते, तो धारेला तोंड देतो. म्हणून जाळे कुठे लावायचे, बांबूची खोई कुठे रोवायची, हे पोरालाही कळते. उन्हाळ्यात नदी आटली की डोह उरतात, मासा डोहात येतो. महशीर खडकाळ धारेत सापडतो, खळखळत्या स्वच्छ पाण्याशिवाय त्याचे भागत नाही. ही सगळी विद्या त्यांच्या बापाने त्यांना दिली होती, आणि पाणी थांबले तशी एका पावसाळ्यात ती निकामी झाली. तलावात धारच नाही, मग मासा कुठे बघत असेल? पात्र पाच-सहा पट रुंद. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. सागाच्या खोडाची जुनी डोंगी त्या लाटांत उलटते. वरच्या धरणांतून पाणी सुटले की रात्रीत पातळी चढते, वीज काढायला पाणी घेतले की उतरते. संध्याकाळी पाण्यात लावलेले जाळे सकाळी चिखलावर लोंबताना सापडते. काठचा गाळ तर असा, की गुरे रुततात, माणसेही रुतली आहेत. सुसरी-मगरी आहेतच. सगळ्यात वाईट म्हणजे खाली उभी राहिलेली झाडे. हजारो रुपयांचे नायलॉनचे जाळे एका फांदीत अडकले की गेले.

महशीर आता जवळजवळ दिसत नाही. त्याच्या जागी बोटुकली सोडून वाढवलेले मासे आले: कटला, रोहू, मृगळ. हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात पण सहसा वीण देत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा बीज सोडावे लागते. भाऊंना या पाहुण्या माशांच्या सवयी नव्याने शिकाव्या लागल्या. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. थंडीत सगळेच सुस्तावतात आणि खोल जातात. हे शिकायला त्यांना चार-पाच वर्षे गेली. नदीकाठी जन्मलेला माणूस आपल्याच दारात परका होऊन बसला होता.

"मग कळलं कसं?" मी विचारले.

त्यांनी पाण्याकडे बोट केले. "वरून नाही कळलं. खालून कळलं. खाली तर आमचंच गाव आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर होडीत बसलो ते या वाक्यामुळे. विणेकरी काठावरच थांबले. त्यांचे म्हणणे, माळकऱ्याने हिंसेच्या वाटेला जाऊ नये. ते बरोबर होते, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला मासे धरायचे नव्हते. पाण्याखालचे गाव ओळखणारा माणूस मला पाहायचा होता. आमच्याकडे तसा कोणी उरला नाही.

पत्र्याची लहान होडी. पाण्यावर धुक्याची वाफ. वल्ह्याचा दांडा एवढा गार, की तळवा चिकटतो की काय असे वाटले. भाऊ समोरच्या दोन टेकड्या आणि एक उघडा कडा यांच्यावरून अंदाज घेत होडी नेत होते. मधेच म्हणायचे, "हे आमचं खळं." खळ्याची जागा साफ, झाड नाही, दगड नाही, म्हणून तिथे जाळे निर्धास्त सोडता येते. "इथून नाला उतरायचा." पावसाळ्यात नाल्याचे ताजे पाणी तलावात घुसते, मासा त्या धारेला वर चढतो, पण तेव्हा अंडी धरायचा काळ असतो म्हणून जाळे टाकायचे नाही, असे संस्थेत ठरलेले आहे. "इथे पोलीस पाटलांचं घर." पडलेल्या भिंतींच्या आडोशाला मृगळ येतो. ज्या अनोळखी तळ्यात चार-पाच वर्षे हात रिकामे राहिले, त्यात हा माणूस आपल्या लहानपणाच्या आठवणीवर जाळे टाकत होता. मी वल्हे मारत बसलो होतो. कोणाच्या तरी अंगणावरून, कोणाच्या तरी ओट्यावरून आमची होडी चालली होती, आणि मला सारखे वाटत होते की चपला काढून बसावे.

रात्री लावलेली दोन जाळी. वर तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या, खाली दगड. पहिले सहज निघाले, त्यात तीन कटले. दुसरे निघेना. ज्या आंब्याच्या बाजूने ते लावले होते त्याचा वाळका शेंडा हातभर पाण्याबाहेर होता. तो आंबा त्यांच्या दुसऱ्या घराच्या दारचा. पाणी रात्रीत थोडे हलले असणार, जाळे सरकून फांद्यांत गेले होते. त्यांनी दोन-तीनदा ओढून पाहिले, मग दोर सोडून दिला आणि अंगातला स्वेटर काढू लागले.

मी घाबरलो. म्हणालो, "भाऊ, या थंडीत नको. जाळ्याचे पैसे आमची दिंडी देईल."

ते म्हणाले, "पैशाचं नाही गुरुजी. जाळं खाली राहिलं तर ते धरतच राहील. मासा येईल, अडकेल, मरेल, कुजेल. मग दुसरा येईल. कोणी खाणार नाही असा मासा कशाला मारायचा?"

कमरेला दोर बांधून दुसरे टोक त्यांनी माझ्या हातात दिले आणि ते पाण्यात उतरले. माउली, आपण कीर्तनात अहिंसेवर तास तास ऐकतो. मीही शाळेत पोरांना सांगत आलो. पण एखाद्या माशाचे मरण फुकट जाऊ नये म्हणून पौषाच्या पहाटे बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत उतरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो माळकरी नव्हता. पहिल्यांदा ते वर आले ते श्वास घ्यायला. दुसऱ्या वेळी जास्त वेळ लागला. दोर माझ्या मुठीत थरथरत होता, मी दुसऱ्या हाताने आंब्याचा शेंडा धरून होडी थोपवली होती, आणि तोंडाने नाम चालू होते. त्या नामात भक्ती किती आणि भीती किती, हे पांडुरंगालाच ठाऊक. पाण्याखाली त्या फांद्यांत एक हात अडकला असता तरी संपले होते.

ते वर आले, ओठ काळे-निळे, जाळ्याचा कोपरा दातांत धरलेला. होडीच्या काठाला लटकून म्हणाले, "ओढा."

मी ओढले. दोन्ही हातांनी. जाळ्यात पाचोळा, काटक्या, एक मोठा रोहू आणि दोन लहान मासे आले. लहान दोन्ही जिवंत होते, ते त्यांनी आधी सोडवून पाण्यात टाकले आणि मगच होडीत चढले. रोहू माझ्या पायापाशी तडफडत होता. पाण्यावेगळ्या मासोळीची उपमा तुकोबारायांनी भक्ताच्या विरहासाठी वापरली आहे, ती आपल्याला पाठ असते. ती तडफड टीचभर अंतरावरून बघितल्यावर मात्र डोळ्यांना पाणी आले. कशासाठी, ते मी शोधत बसलो नाही. माशासाठी असेल, त्या माणसासाठी असेल, आमच्या आजोबांसाठीही असेल.

त्या जाळ्याला हात लावला याचे मला आजही वाईट वाटत नाही. माळ घालताना मी माझ्या जिभेचे व्रत घेतले आहे, ते मी मोडले नाही आणि मोडणार नाही. पण त्या व्रताच्या जोरावर दुसऱ्याच्या पोटाचा न्याय करायला बसणे मला जमत नाही. शिवाय आपणही तितके कोरडे नाही. माझ्या शेतातला ऊस उजनीच्या पाण्यावर वाढतो. आषाढीला चंद्रभागेत आपल्याला बुडी मारता यावी म्हणून उजनीतून पाणी सोडतात. ते पाणी आमच्या जुन्या गावाच्या चुलींवरून येते. त्यात स्नान करून आपण पवित्र होतो. होत नाही असे मी म्हणत नाही. मी तर दरवर्षी करतो आणि त्यातला घोटभर आजोबांच्या नावाने सोडतो. पण कोणाच्या तरी बुडण्यावर आपले स्नान चालते, हे माहीत असावे एवढेच.

आणि देवाचे म्हणाल, तर पांडुरंगाच्या कानांत काय आहे ते आठवा. मकरकुंडले, माशाच्या आकाराची. त्यामागे एक कथा सांगतात. कोणी एक कोळी देवाला द्यायला म्हणून दोन मासे घेऊन आला. त्याच्यापाशी दुसरे होते काय? दारातल्या लोकांनी त्याला अडवले, देवळात मासे कसले आणतोस म्हणून. विठ्ठलाने ते घेतले आणि दोन्ही कानांत घातले. कथेला पुरावा मागू नये. मला तीत आवडते ते हे, की देवाने मासे खाल्ले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. त्या भाविकाने आणले ते अंगावर ठेवले, तेही कानांत, जिथे सगळ्यांची गाऱ्हाणी जातात. सावतोबांना मळ्यात देव भेटला, गोरोबांना चिखलात, सेना महाराजांना धोकटीत. जाळ्यातल्या माणसाला तो भेटत नाही असे आपण कशावरून ठरवायचे? विणेकऱ्यांना हे मी परतीच्या वाटेवर सांगितले. ते म्हणाले, "कथा खरी, पण होडीत बसायला मी येणार नाही." आमचे तीस वर्षांचे सख्य असेच चालत आले आहे.

त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा घरच्या बाईंनी आम्हा दोघांना वेगळ्या भांड्यात केलेली अंबाडीची भाजी, उडदाची डाळ आणि मक्याची भाकर वाढली. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. गळ्यातली माळ पाहून त्यांनी चुलीवरचे भांडे घासून आधी आमचे शिजवले आणि मग घरच्यांसाठी मासे. भाऊ शेकोटीशी घोंगडी पांघरून बसले होते, अजून मधून मधून कापत होते. त्या आंब्याविषयी मी विचारले. तो त्यांच्या बापाने लावलेला. लहान फळ, आंबट, लोणच्याचा. पाणी चढले त्या वर्षी त्याला फार आंबे आले होते. लोणचे घातले, आणि ती बरणी कोणाला फोडवेना. शेवटी पुनर्वसनाच्या गावी गेलेल्या बहिणीकडे पाठवून दिली.

सकाळी मासे विकायची घाई. एक गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. ज्या डोंगरात रात्री दव गोठते, तिथे मासे ठेवायला बर्फ मिळत नाही. तो गावाहून यावा लागतो, भुशात गुंडाळून, जीपने आणि मग होडीने. उशीर झाला तर निम्मा वितळतो आणि व्यापारी भाव पाडतो. आमच्याकडे भिगवणच्या बाजारात चिलापीच्या पाट्या बर्फात झाकून ओळीने मांडलेल्या असतात. तो बर्फ कुठून येतो, हा विचार मी कधी केला नव्हता. माझा तो विषयच नव्हता. त्या दिवशी मात्र काठावर बसून मीही बर्फाच्या होडीची वाट पाहिली. नऊच्या सुमारास ती वळणावर दिसली. तीन कटले, एक रोहू आणि शेजाऱ्यांचे दहा-बारा मासे पेटीत गेले. भाऊंनी वर भुसा पसरला, पोते झाकले, आणि फाटलेले जाळे मांडीवर घेऊन दोऱ्याचे टोक शोधू लागले. विणेकरी त्यांच्याशेजारी बसले आणि जाळ्याची दुसरी बाजू ताणून धरली.